देठाकडचा तुकडा

१५ ऑक्टोबर १९५७. आज दुधी चिरायला घेतला आणि सवयीने देठाकडचा तुकडा आधी चाखला. नऊ वर्षांपूर्वी याच दिवसांत यजमानांना विषमज्वर झाला होता. एकवीस दिवस मोसंबीच्या रसावर काढून अंगाचा नुसता सापळा उरला होता, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, "आता पोटात अन्न गेलंच पाहिजे, नाहीतर माझ्या हातात काही नाही." मंगळवार पेठेतून मी कोवळा, लव असलेला दुधी निवडून आणला आणि मुगाच्या डाळीत मऊ शिजवला. चाखणार तोच सासूबाई ओरडल्या, "आजाऱ्याचं पहिलं अन्न उष्टं करायचं न्हाय!" मी हात मागे घेतला. पहिलाच घास यजमानांनी थुंकला. "मारतीस काय मला?" म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड फिरवून दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही. पातेल्यातलं बोटभर जिभेला लावलं, तर कडू जहर. आता हा माणूस माझ्या हातचं काही खाणार नाही, एवढंच डोक्यात घुमत राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माळणीच्या पाटीतल्या दुधींना एकेक करून नख लावलं आणि चाखत गेले. "अवो बाई, सगळी पाटी उष्टी केलासा की!" ती किंचाळली. "व्हय, केली," म्हटलं. गोड निघालेला दुधी शिजवून यजमानांच्या उशाशी बसले, सासूबाईंच्या देखत आधी मी दोन घास खाल्ले, तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं.