चौकशीत मराठी नाही

गुरुवार-शुक्रवार पंचकाका आमच्या घरी पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारा माणूस, एरवी चपला सरकवत येऊन डब्यातली चकली न विचारता काढून खाणारा. पण गुरुवार उजाडला की जिन्यात भेटले तरी नुसती मान हलवणार. शुक्रवारी घोड्यांच्या शर्यती असायच्या, माझे यजमान तिथल्या तबेल्याचे मॅनेजर होते, आणि पंचाने तबेल्याच्या घरचं काही तोंडात घालायचं नाही, असा त्यांचा त्यांनीच केलेला कायदा होता. शनिवारी मात्र सकाळी सकाळी यायचे आणि तीन दिवसांचं एकदम वसूल करायचे. काकू म्हणायच्या, "यांचा उपास शनिवारी सुटतो."

आता काका नाहीत. त्यांच्यावर लिहायचं तर कौतुकाचं पुष्कळ आहे, आणि ते मी लिहिणारच. पण त्यांची आठवण आली की मला आधी लाज वाटते. त्यांची, आणि थोडी आमचीही.

आखातातल्या आमच्या अरबाबाला, म्हणजे अरब मालकाला, घोडागाडीच्या शर्यतींचं वेड होतं. आज जिथे मोहम्मद बिन झायद सिटीचे बंगले उभे आहेत, तिथून पुढे गेलं की तेव्हा नुसती वाळू. त्या वाळूत त्याने स्वतःच्या हौसेखातर गोल ट्रॅक बांधला आणि युरोपातून घोडे आणवले. घोड्यामागे दोन चाकांची हलकी गाडी, तीवर पाय पसरून बसलेला ड्रायव्हर. घोड्याने दुडक्या चालीनेच धावायचं. चौखूर उधळला की त्याला आवरून मागे यावं लागे. ना पैज, ना तिकीट. जिंकणाऱ्याला कप आणि टाळ्या. पण हौशी माणसं भांडतात ती पोटासाठी भांडणाऱ्यांपेक्षा जास्त, म्हणून पंच हवा होता. काका पुण्याच्या रेसकोर्सवर बरीच वर्षं नोकरी केलेले. त्यांना बोलावून घेतलं. पंच म्हणून आले आणि लहानथोर सगळ्यांचे पंचकाका झाले.

ट्रॅकवरचा नेहमीचा तंटा म्हणजे निष्काळजीपणे गाडी हाकल्याचा. वळणावर आतल्या बाजूला शिरताना मागच्याला पुरेशी जागा सोडली की नाही, चाकाला चाक लागलं ते कुणामुळे, हे ठरवायचं. आरोप करणारा शिरा ताणून बोलणार, दुसरा शपथा घेणार. काका शांत. ते म्हणायचे, "मुद्दाम केलेलं ज्याचं त्याला ठाऊक असतं. निष्काळजीपणा ज्याचा त्यालासुद्धा ठाऊक नसतो. म्हणून तर पंच लागतो." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की काका 'मुद्दाम' म्हणाले की माझे यजमान पुढचं पूर्ण करायचे.

चौकशी पोर्टा केबिनमध्ये चाले. एसीचा घरघराट, टेबलावर गहवाची, म्हणजे अरबी कॉफीची, किटली आणि खजुराचं ताट. खजूर खाऊन झाले की काका बिया ताटात मांडायचे. ही बी तुझा घोडा, ही त्याचा, आता सांग कुठे होतास. आधी ज्याच्यावर आरोप आहे त्याने बिया सरकवायच्या, मग दुसऱ्याने. रागाने लाल झालेली माणसंसुद्धा बिया सरकवता सरकवता थंड व्हायची. एकदा तर दोघे ड्रायव्हर भांडण विसरून हसायलाच लागले होते. घरीसुद्धा हाच खाक्या. लेक मृणाल आणि काकूंचं वाजलं की काका दोघींना समोरासमोर बसवायचे. मग मृणाल वैतागून म्हणायची, "पापा, धिस इज नॉट अ रेस," आणि निघून जायची.

पंचमंडळात तिघे. अध्यक्ष काका, एक गोरा साहेब, आणि अबू सैफ म्हणून एक म्हातारा अरब, ज्याचं अख्खं आयुष्य उंट-घोड्यांत गेलेलं. मी ऑफिसात सेक्रेटरी, म्हणून चौकशीत दुभाषी. इथे काकांचा दुसरा कायदा: चौकशीत मराठी नाही. समोर आपल्याकडचा माणूस असला तरी काका इंग्रजीत विचारणार, मी मराठीत सांगणार, तो मराठीत बोलणार आणि मी त्याचं इंग्रजी करून, ज्यांना सगळं आधीच कळलंय त्या काकांना ऐकवणार. मला हसू आवरत नसे. एकदा मी शनिवारी म्हटलंही, "काका, हा काय पोरखेळ?" त्यावर ते म्हणाले, "सुलभा, तुझ्या-माझ्या लोकांनी बोट दाखवलं तर चालेल. मंडळातल्या त्या दोघांनी दाखवता कामा नये." मला तेव्हा ते फार थोर वाटलं होतं.

आता सर्जेरावांबद्दल सांगायला हवं. मिरजेकडचे, माझ्या यजमानांच्या गावाजवळचे. गावाकडे घोडागाडीच्या शर्यती मारलेला माणूस. इथे मोतद्दार म्हणून आले, घोड्यांची सेवा करता करता हातातलं कसब दिसलं आणि ड्रायव्हर झाले. चाबूक हातात असायचा, पण तो उचललेला मी कधी पाहिला नाही. ते नुसते घोड्याशी बोलायचे, आणि आयर्लंडहून आलेला घोडा मिरजेची भाषा ऐकून पळायचा. लागोपाठ जिंकायला लागले. मग कँटीनमध्ये कुजबुज सुरू झाली. एका गोऱ्या ट्रेनरने काकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं की, पंच यांचा, मॅनेजर यांचा, हे लोक एकमेकांना सांभाळून घेतात. त्या शनिवारी काका आमच्याकडे आले नाहीत.

पुढच्याच शुक्रवारी अपघात झाला. वारा सुटला होता. दुसऱ्या वळणावर सर्जेरावांच्या गाडीचं चाक आणि यान नावाच्या डच ड्रायव्हरच्या गाडीचं चाक एकमेकांत अडकलं. यान उडून कठड्यावर आपटला, खांदा मोडला, शुद्ध गेली, त्याला इस्पितळात नेलं. त्याचा ट्रेनर तोच तो कँटीनमधला. त्याने तिथल्या तिथे तक्रार केली की सर्जेराव निष्काळजीपणे आत घुसले. काका समोरच्या मचाणावर होते. तिथून तसंच दिसलं खरं. दोषी ठरले तर लायसन्स जाणार होतं, आणि लायसन्स गेलं की व्हिसा.

सर्जेराव केबिनमध्ये आले ते टोपी हातात घेऊन. काकांनी इंग्रजीत विचारलं, मी मराठीत सांगितलं. सर्जेरावांनी तिघांना हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं-माकलं पोटात घाला, साहेब. पर माझं घोडं..." इंग्रजी करायला म्हणून मी त्यांना तिथेच थांबवलं.

आपल्याकडे वडीलधाऱ्यापुढे बोलायला उभं राहिलं की माणूस असंच सुरू करतो. पंगतीला वाढून झालं तरी म्हणतो, कीर्तन संपलं तरी म्हणतो. ती काही कबुली नसते. मी गोऱ्या साहेबाला सांगायला लागले की, ही आमच्याकडची रीत आहे, खरं बोलणं आता पुढे सुरू होईल. काकांनी मला थांबवलं. माझ्याकडे न बघता इंग्रजीत म्हणाले, "फक्त तो जे म्हणाला ते." मग मी तेवढंच सांगितलं. त्या शब्दांचं नुसतं इंग्रजी केलं की उरते ती निव्वळ कबुली. गोरा साहेब खुर्चीत मागे रेलला. अबू सैफने कप खाली ठेवला आणि काकांना म्हणाला, "त्याला पुन्हा विचार, हबीबी. आमच्याकडेही माणूस आधी माफी मागतो, मग बोलतो." काका म्हणाले, कबुली आली की चौकशी संपते. खजुराचं ताट त्यांनी बाजूला सारलं. यान शुद्धीवर येईपर्यंतसुद्धा ते थांबले नाहीत.

मिरजेचा माणूस काय म्हणतोय हे त्या खोलीत एका अरबाला कळलं, आणि पुण्याच्या माणसाला कळूनही कळलं नाही. आपलेपणाचा डाग लागू नये म्हणून त्यांनी आपल्या माणसाला ऐकूनच घेतलं नाही. मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर्जेरावांना मात्र राग आला नव्हता. ते गोंधळले होते. बाहेर मला म्हणाले, "वैनी, मला वाटलं माझं घोडं सरळ हुतं. पर सायेब वर हुते. त्यांस्नी दिसलं आसंल." आठवड्याच्या आत ते गावी परत गेले.

यान महिन्याभरात गळ्यात हात बांधून तबेल्यावर आला. त्याला तक्रारीचा पत्ताच नव्हता. ऐकल्यावर तो सरळ काकांच्या केबिनमध्ये गेला, मी तिथेच होते. त्याने सांगितलं की, वाऱ्याने एक प्लास्टिकची पिशवी त्याच्या घोड्याच्या तोंडावर आली, घोडा बुजून बाहेर झेपावला आणि त्याचं चाक सर्जेरावांच्या चाकावर गेलं. सर्जेराव आपल्या रेषेत होते. उलट त्यांनी गाडी आवरली म्हणून आपण वाचलो. त्याच दिवशी काकांनी अरबाबाकडे जाऊन निकाल चुकल्याचं सांगितलं आणि पंचपद सोडलं. अरबाब म्हणाला, खलास, झालं गेलं संपलं, हवं तर त्याला परत बोलवा. यजमान फोन लावायला उठले तर काकांनी त्यांचा हात धरला. म्हणाले, "हे फोनवर सांगायचं नाही. माझं पाप आहे, मी समोर जाऊन सांगणार. तुम्ही दोघांनी मध्ये पडायचं नाही. शब्द द्या." आम्ही दिला. वडील माणूस, डोळ्यांत पाणी. आणि आम्हाला वाटलं, आता सुट्टीला जातीलच.

काका सुट्टीला गेले आणि मिरजेला न जाता परत आले. एका वर्षी भाच्याचं लग्न, एका वर्षी काकूंचा गुडघा, एका वर्षी नुसतंच जमलं नाही. मी दरवर्षी विचारायची, "काका, गेलात का?" ते म्हणायचे, "पुढच्या खेपेला. इन्शाल्ला." आमची मुलं उंच झाली. काका एका ट्रेडिंग कंपनीत हिशेब तपासू लागले. ज्या माणसाला वरणात मीठ कमी की जास्त यावरसुद्धा निकाल द्यायची हौस, तो आता कशावरच मत देईना. मृणालने कुठल्या कॉलेजात जावं विचारलं तर म्हणाले, "तुझं तू ठरव." ती मला येऊन म्हणाली, "आँटी, व्हॉट हॅपन्ड टू हिम?" मी कप्पाळ सांगणार होते तिला? आम्ही दिलेल्या शब्दाला धरून बसलो. खरं सांगायचं तर ते आम्हालाही सोयीचं होतं.

शेवटी काका कायमचे पुण्याला परतले, तेव्हा मी हट्टच धरला. आम्ही सुट्टीवर होतो. यजमानांनी गाडी काढली आणि काकांना जवळजवळ उचलूनच मिरजेकडे नेलं.

सर्जेराव अंगणातच होते. काकांना बघून असे धावले, जणू घरी देव आला. खुर्ची झाडली, शेजारच्या माणसांना हाका मारून बोलावलं. त्यांचा पहिला प्रश्न यानचा. "त्या गोऱ्याचा खांदा बरा झाला का हो? लई वंगाळ झालं माझ्या हातनं." मग जमलेल्या मंडळींकडे वळून म्हणाले, "हे आमचे पंचसायेब. आपल्या मान्साचीबी भीडभाड ठेवली न्हाई. आसा न्यायाचा माणूस बघाया मिळायचा न्हाई." लोकांनी काकांना नमस्कार केले. काकांची मान खाली.

घरचं शर्यतीचं घोडं कुठे आहे, असं यजमानांनी विचारलं. सर्जेरावांची बायको उंबऱ्यात उभी होती, तिने उत्तर दिलं. "आल्या आल्या इकलं. तवापास्नं लगाम हातात धरत न्हाईत. जत्रंच्या शर्यतीला लोक पाया पडत्यात, तरी न्हाई. म्हणत्यात, माझ्या हाताचा भरवसा न्हाई, कुणाचा तरी जीव जाईल."

मला बसवेना. काका उभे राहिले. त्या सगळ्या माणसांसमोर, स्वच्छ मराठीत म्हणाले, "सर्जेराव, तुमची चूक नव्हती." सर्जेराव हसले, त्यांना वाटलं साहेब मन राखतायत. मग काकांनी वारा, पिशवी, बुजलेला घोडा, यानने सांगितलेलं सगळं सांगितलं. तुम्ही गाडी आवरलीत म्हणून तो वाचला, हेही सांगितलं. तुमचं बोलणं मी ऐकून घेतलं नाही, कळत असून घेतलं नाही, असंही म्हणाले.

सर्जेराव ऐकत होते. हसू केव्हाच गेलं होतं. त्यांनी विचारलं, "हे तुमास्नी कवा कळलं, सायेब?"

"तुम्ही गेलात, त्यानंतर महिन्याभरात."

"मग सांगितलं का न्हाई?"

"लाज वाटत होती," काका म्हणाले.

सर्जेरावांनी मान हलवली. "मलाबी वाटत हुती, सायेब," ते म्हणाले. "रोज."