माझ्या जीपमधली डब्बी

ती घटना आठवायला मला फारसं काही लागत नाही. पेट्रोल पंपावर रांगेत उभा राहिलो आणि तो वास नाकात गेला की पुरे. छत्तीस वर्षं मध्य प्रदेश पोलिसात काढली. त्यात खून पाहिले, दरोडे पाहिले, पण ज्या एका प्रकरणानं माझी मान कायमची थोडी खाली झाली, त्यात ना सुरा होता ना बंदूक. मुठीत मावेल एवढी एक पितळी डब्बी होती.

बरगी धरणाचं काम तेव्हा शेवटाला आलं होतं. मी जबलपूर शहरातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. ठाण्याच्या जीपला महिन्याचं पेट्रोल ठरवून मिळे आणि ते वीस तारखेपर्यंतही पुरत नसे. उरलेले दहा दिवस आम्ही पायी गस्त घालायचो आणि ती तब्येतीसाठी चांगली असते, असं एकमेकांना सांगायचो. अशातच एक विक्रेता ठाण्यात आला. इस्त्रीचा शर्ट, गोड जीभ. पेट्रोलच्या नळीत ही डब्बी बसवा, आतल्या चुंबकानं पेट्रोल नीट जळतं, गाडी जास्त धावते, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, बसव माझ्या जीपला. त्यानं डब्बी बसवली, जाता जाता प्लग साफ केले, हवेची जाळी झटकली, चाकांत हवा भरून दिली. महिनाअखेरीस लॉगबुक पाहिलं तर जीप लिटरमागे दोन किलोमीटर जास्त गेलेली. मी भलताच खूष झालो.

खूष झालेला ठाणेदार गप्प बसत नाही. ओमतीच्या टॅक्सी स्टँडवर चहा पिताना कोणीही विचारलं तरी मी सांगायचो. एकदा बरगीपर्यंत टॅक्सी चालवणाऱ्या एका मराठी ड्रायव्हरनं विचारलं, "साहेब, खरंच फरक पडते का हो डब्बीनं?" मी म्हटलं, "पडतो म्हणजे काय! माझी जीप बघ." त्यानं मान डोलावली. बारीक मिशी, शर्टाच्या खिशात कंगवा. तो चेहरा मला आजही काढून टाकता येत नाही.

दोन महिन्यांनी, भर दुपारी, बरगी रस्त्यावर एक टॅक्सी पेटल्याची खबर आली. टॅक्सी त्याचीच. सवारी उतरवून तो रिकामा परतत होता. बॉनेटमधून धूर आला, त्यानं उतरून बॉनेट उघडलं आणि भडका थेट अंगावर आला. तिसऱ्या दिवशी तो इस्पितळातच वारला. जबाब देण्याइतकी शुद्ध त्याला आलीच नाही.

पंचनामा मी स्वतः केला. पेट्रोलची नळी तिच्या जागेवरून निसटलेली होती. शेजारी काळवंडलेली डब्बी होती. ती मी जप्त केली, यादीत लिहिली आणि विसरलो. जी वस्तू माझ्या जीपमध्ये रोज फिरते तिच्यावर मला संशय आला नाही.

तो वारल्याच्या दुसऱ्या दिवशी मुखबिर, म्हणजे आमचा खबऱ्या, आला. "साहब, गाड़ी जलने के दो दिन पहले मिस्त्री से मारपीट हुई थी उसकी. मिस्त्री ने पेट्रोल का पाइप नोच के फेंक दिया था." मिस्त्री म्हणजे मयताच्या बायकोचा सख्खा भाऊ. अधारतालकडे त्याचं गाड्या दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. शेजारच्या दुकानदारांनी भांडण पाहिलं होतं. मिस्त्रीची कॉलर फाटली होती, तेही सांगितलं. भांडण आहे, पाईप आहे, हात लावणारा माणूस आहे. मला आणखी काय हवं होतं? मी खुनाचं कलम लावलं आणि त्याला उचललं.

त्याची बहीण महाराजपुरात बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत राहायची. तिचा जबाब चार ओळींचा झाला. भांडण झालं होतं का? झालं. पाईप भावानं काढला का? काढला. का काढला? यावर तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, दुःखानं बोलवत नाही. रोज सकाळी ती भावासाठी डबा घेऊन ठाण्याच्या पायरीवर येऊन बसे. नवऱ्याला जाऊन आठवडा झाला नव्हता आणि आता भावाच्या गळ्यात फास अडकत होता. माझ्याकडे मात्र ती एकदाही वर पाहत नसे.

मिस्त्रीची चौकशी दोन दिवस चालली. माणूस सडपातळ, नखांत ग्रीस, आवाज खालचा.

"पाईप तू काढलास?"

"हाव साहेब."

"का?"

तो नखांतलं ग्रीस कोरत राहिला.

"मग परत कोणी जोडला?"

"म्या नाई जोडला साहेब. बस, एवढंच."

"अरे, भांडण कशावरून झालं ते तरी सांग!"

तो खिडकीकडे पाही. खिडकीतून आवार दिसे, आवारात माझी जीप. मला वाटे, हा पळायचा रस्ता शोधतोय. दुसऱ्या दिवशी माझा तोल गेला आणि मी त्याच्या थोबाडीत मारली. हे लिहिताना लाज वाटते, पण मारली. त्यानं गाल चोळला आणि म्हणाला, "मारा साहेब. सांगून काई फायदा नाई."

असं म्हणणारा माणूस बहुधा खोटं बोलत नसतो, हे मला कळायला हवं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत शंभर गुन्हेगार पाहिले होते. खोटं बोलणारा भरपूर बोलतो, एकाला दोन गोष्टी सांगतो. हा तर काहीच सांगत नव्हता.

तिसऱ्या दिवशी रिमांड वाढवून घ्यायला त्याला कोर्टात न्यायचं होतं. जीप सुरू होईना. आमच्या ड्रायव्हर शिपायानं बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं. मिस्त्री बेड्यांसकट शेजारी उभा. मिस्त्रीच तो, उघड्या इंजिनाकडे पाहिल्यावाचून राहवतं कुठे! पाहता पाहता तो एकदम पुढे वाकला.

"साहेब," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज मोठा झाला, "तुमच्या जीपची डब्बी तं जोडलेलीच नाई!"

मी जाऊन पाहिलं. पेट्रोलची नळी पंपापासून सरळ कार्बोरेटरला गेलेली. डब्बी बाजूला एका लोखंडी पट्टीला तारेनं बांधलेली, नुसती शोभेला. मी ड्रायव्हर शिपायाकडे पाहिलं. त्याच्या तोंडाचं पाणी पळालं होतं.

"साहब, आठ दिन में ही निकाल दी थी," तो म्हणाला. "पेट्रोल की बास आती थी. क्लिप पकड़ता नहीं था."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"आपने खुद लगवाई थी साहब. कैसे बोलता?"

"आणि लॉगबुक? दोन किलोमीटर जास्त?"

त्यानं खाली पाहत कबूल केलं. थोडा फरक खरा होता. साफ प्लग, भरलेली हवा आणि साहेबांची नवी वस्तू म्हणून जपून चालवलेली गाडी, त्यामुळे पडलेला. उरलेला त्याच्या पेनानं पाडला होता. साहेबांनी बसवलंय म्हटल्यावर फायदा दिसायलाच हवा, एवढा साधा त्याचा हिशेब.

मिस्त्री तिथेच, जीपच्या चाकाशी, खाली बसला आणि रडायला लागला. मग बोलला. "भाऊजीले म्या दोनदा सांगतलं, ही नळी जुनी हाये, डब्बीचं तोंड मोठं हाये, निसटन. ते म्हणत, काहून घाबरून राहिला तू? ठाणेदार साहेबाच्या जीपले लावली हाये, साहेबानं सोता सांगतलं. म्या पाईपासकट डब्बी उपटून फेकली, त्यावरून मारामारी झाली. त्याईनं घरी जाऊन हातानंच तार गुंडाळून परत बसवली. आता हे कोणाले सांगू साहेब? तुमालेच सांगू का, तुमचं नाव घेऊन ते मेले म्हून?"

आवारात सगळे उभे होते, हवालदार, मुन्शी, पायरीवर डबा घेऊन बसलेली त्याची बहीण. मी बेड्या काढायला सांगितल्या.

पुढचं काम ठाण्याच्या रीतीनं झालं. सरकारी वर्कशॉपचा मिस्त्री बोलावला, डब्बी नीट, घट्ट बसवून घेतली, टाकी बंद करून नळीला मोजून एक लिटर पेट्रोलची बाटली जोडली आणि बरगी रस्त्यावर जीप संपेपर्यंत चालवली. मग डब्बी काढून तेवढ्याच पेट्रोलवर. दोन्ही वेळा जीप एकाच पुलियापाशी, म्हणजे छोट्या पुलापाशी, थांबली, दहा-वीस पावलांचा फरक. तिसऱ्यांदा डब्बी नव्हतीच, फक्त ड्रायव्हरला सांगितलं, पाय हलका ठेव, उगाच ब्रेक मारू नको. तेव्हा जीप पुलिया ओलांडून चांगली पुढे गेली. पंचांनी सह्या केल्या. विक्रेता शेजारच्या जिल्ह्यात सापडला. त्यानं कबूल केलं की गाडी साफ करून देत होतो आणि फरक त्यानंच पडत होता. "लेकिन साहब," तो म्हणाला, "इस शहर में मुझे ज़्यादा बोलना ही नहीं पड़ा. मैं बस इतना कहता था, थाने की जीप देख लो." त्याच्यावर हलगर्जीपणानं मृत्यूला कारणीभूत झाल्याचं कलम लागलं. केस डायरीत मी माझं नाव लिहिलं, काय बोललो आणि कुठे बोललो तेही लिहिलं. माझी एक वेतनवाढ थांबली. ती थांबायलाच हवी होती.

राहिलं एक काम. मी महाराजपुरात गेलो, वर्दी न घालता. मिस्त्री दारात होता, त्यानं खुर्ची दिली. मी बसलो नाही. त्याच्या बहिणीला म्हटलं, "बाई, तुमच्या नवऱ्याला ती डब्बी चांगली आहे असं मी सांगितलं होतं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. आणि नंतर तुमच्या भावाला मी मारलं. माझं चुकलं."

तिनं खांद्यावरचा पदर सावरला. मग म्हणाली, "मले माहीत होतं साहेब. त्या दिवशी ते घरी येऊन हसून राहिले होते. म्हणे, खुद ठाणेदार साहेब बोलले माह्याशी, आता तुझ्या भावाचं नाई ऐकत."

मी चाटच पडलो. "मग जबाबात का नाही सांगितलं? भाऊ सुटला असता तुमचा!"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. रागानं नाही, नुसतं थकून.

"कोणाले सांगतलं असतं साहेब? लिहून घेनारे तं तुमीच होते."

एका डब्बीबद्दल तीन माणसांना खरं माहीत होतं, ड्रायव्हरला, मिस्त्रीला आणि त्या बाईला. तिघंही माझ्या समोर होती, एक तर माझ्याच पगारपत्रकावर होता, आणि तिघंही मला घाबरून गप्प राहिली. मी समजत होतो की माझ्या दराऱ्यानं लोक खरं बोलतात.

त्यानंतर ज्या ज्या ठाण्यात बदली झाली, तिथे पहिल्या दिवशी मी जीपचं बॉनेट उघडायला लावलं आणि ड्रायव्हरला विचारलं, मला न सांगता काय काय काढून टाकलं आहेस? पहिल्यांदा सगळे "कुछ नहीं साहब" म्हणत. मी तिथेच उभा राहत असे, दुसरं उत्तर येईपर्यंत.

परवा पंपावर शेजारच्या पोरसवदा तरुणानं फोनवर एक नवीन यंत्र दाखवलं. गाडीला लावलं की पेट्रोल वाचतं म्हणे. "काका, तुम्ही तर पोलिसात होते ना, सांगा ना, घेऊ का?"

मी म्हटलं, "मला त्यातलं कळत नाही. तुझ्या मिस्त्रीला विचार. आणि तो नको म्हणाला, तर ऐक त्याचं."