पेंढा खाणाऱ्या गायीचं पोट

गाय उठत नव्हती. मान बरगडीकडे वळवून बसली होती, दात करकर चावत होती. शेण पाण्यासारखं, आंबूस वासाचं. डावी कूस दाबली तर आत नुसतं पाणी डचमळत होतं.

कळंबजवळचा गोठा. मालकीण सुमनताई रिसॉर्टवर भांडी घासतात. दुभती गाय ही एकच, तिच्या दुधावर घर चालतं. काय खाल्लं हिनं, असं मी दोनदा विचारलं तेव्हा बोलल्या.

"लग्नाचा भात उरला व्हता मॅडम. आन जिलबी. फेकून देत व्हते. अन्न हाय वो, म्हनून टबभर आनला. लय आवडीनं खाल्लान तिनं."

मी जनावरांची डॉक्टर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे शिकलेलं सोपं करून सांगायची सवय घरातच लागली. तसंच इथे सांगते.

गाय गवत खाते, पण गवताचा धागा तोडणारं एन्झाइम तिच्या अंगात तयारच होत नाही. एन्झाइम म्हणजे शरीरातला कारागीर. एकाला एकच काम येतं. भात फोडणारा वेगळा, गवत तोडणारा वेगळा. गवताचे कारागीर असतात गायीच्या पहिल्या पोटातल्या जंतूंकडे. त्या पोटाला आम्ही रुमेन म्हणतो. पेंढा ते सावकाश तोडतात. भात आणि साखर एकदम पडली की दुसरेच जंतू माजतात, भराभर आम्ल करतात. एन्झाइम असतं प्रथिनाचं. लिंबू पिळल्यावर दूध फाटतं ना, तसं ते आंबटात बिघडतं. मग पेंढ्याचे जंतूही मरतात.

तोंडातून नळी घालून पोटातलं पाणी काढलं, त्यात आंबटपणा मोजायची कागदाची पट्टी बुडवली. आंबट दह्याच्या बरोबरीचं निघालं. पोट धुतलं, खायचा सोडा पाजला, शिरेतून सलाइन लावलं. दुपारपर्यंत आंबटपणा उतरला, पण कूस हलेना. पोटाचा कारखाना साफ झाला होता, पेंढा तोडणारे कामगार जंतू मात्र नव्हते. ते निरोगी जनावराच्या पोटातून आणावे लागतील, असं मी सुमनताईंना सांगितलं.

"दुसऱ्याच्या पोटातलं?" सुमनताईंनी पदर तोंडाला लावला. "चालंल तिला?"

"तिला चालेल. तुम्हाला चालतंय का सांगा."

"उठली पायजे. काय पन करा."

शेजारचे बाळाराम सकाळपासून गोठ्याच्या दारात उभे होते. त्यांचा शर्यतीचा बैल, नाव रॉकेट. त्याला अंडी, उडदाचं पीठ, बदाम. पेंढा त्याच्यापुढे कुणी टाकत नाही. ते छाती काढून पुढे आले.

"वैनी, घाबरू नका. मॅडम, आमच्या रॉकेटचं घ्या. असं पोट तालुक्यात नाय."

मी नको म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. मग मी त्यांच्याच परसातल्या म्हाताऱ्या भाकड गायीकडे बोट केलं.

"ती? आवो, ती नुसता पेंढा खाते."

"म्हणूनच. तुमच्या बैलाच्या पोटात बदाम पचवणारे बसलेत. मला पेंढा तोडणारे हवेत."

"म्हंजे माझा एवढा खुराक फुकट?"

"शर्यतीला उपयोगी पडेल. इथे नाही."

सुमनताई त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या. "भावजी, तुमच्या रॉकेटला जरा सासुरवास करा, पेंढा घाला."

बाळाराम पुटपुटले, पण भाकड गायीचं दावं त्यांनीच धरलं. मी नळीने तिच्या पोटातलं पाणी ओढलं, फडक्यातून गाळलं आणि कोमट आहे तोवर आजारी गायीच्या पोटात सोडलं. थंड पडलं, हवा लागली, की हे जंतू मरतात. म्हणून घाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनताईंचा फोन आला. त्यांनी तो गायीच्या तोंडाशी धरला होता. रवंथाचा आवाज मी ओळखते. गाय वाचली. दूध कमी झालं ते बऱ्याच दिवसांनी वाढलं, पहिल्याइतकं नाही.

उरलेलं अन्न जनावराला घालायचं पुण्य जरा बेतानं करावं. नवीन चारासुद्धा मूठमूठ वाढवत द्यावा, आतल्या कामगारांना वेळ लागतो.

पुढे लसीकरणाला गेले तेव्हा रॉकेटच्या बदामाच्या घमेल्याशेजारी पेंढ्याची पेंडी दिसली. बाळाराम म्हणाले, गायीची आहे, चुकून इथे पडली. मी मान हलवली आणि बैलाला लस टोचली.