‘जेवलीस का’ हिब्रूत

मी पासलीच्या शाळेत शिकवते. वेल्ह्याहून निघालेल्या एसटीत एक पंचविशीची मुलगी शेजारी येऊन बसली. खिडकीकडे तोंड करून ती काहीतरी पुटपुटत होती आणि बोटानं गुडघ्यावर उजवीकडून डावीकडे अक्षरं काढत होती.

मी विचारलं तशी ओशाळून हसली. जर्मनीतल्या विद्यापीठात ती हिब्रू आणि अरबी शिकत होती. आई गेली म्हणून गावी आली होती. परीक्षा तोंडावर होती.

“अवघड असेल गं,” मी म्हटलं.

“लई न्हाई, मॅडम. आपल्यासारखंच हाय. बाप्याला जेवलास, बाईला जेवलीस. तिकडं बोलायला कुणी नसायचं, मग रोज फोनवर आईलाच हिब्रूत विचारायचे, ‘अखाल्त?’ ती म्हणायची, ‘व्हय, जेवले.’”

“त्यांना कसं कळायचं?”

“म्या बी तेच विचारलं. तर म्हणाली, ‘एवढ्या लांबून लेक दुसरं काय इचारणार हाय?’”

मग ती पुन्हा खिडकीकडे वळली. भातखाचरं मागं पडत होती. मला राहवेना.

“सराव राहील तुझा. मला विचार की,” मी म्हणाले.

ती माझ्याकडे वळली. ओठ उघडले, पण शब्द आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. मग तिनं हलकेच मान हलवली.

“दुसऱ्या कुणाला न्हाई जमत हो, मॅडम.”

तिचं गाव आलं. ती पिशवी छातीशी धरून उतरली आणि बांधावरून एकटीच चालू लागली.