काही न करण्याचा नेम

परवा कार्तिकी द्वादशीला माझा चातुर्मासाचा नेम सुटायचा होता. नेम सुटला की बायका खूश होतात... मला मात्र सकाळपासून तो सुटूच नये असं वाटत होतं. माझा नेमच तसा होता.

आमचे हे गेले त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून मी रत्नागिरीत गोदाकाकूंच्या खाणावळीत स्वयंपाक करते. कोर्टातले कारकून, शाळेतले मास्तर अशी मंडळी जेवायला असतात. काकूंचाही नवरा गेलेला, मुलगा मुंबईला नोकरीला. बाई जिभेची तिखट, पण वाढताना हात आखडत नाही.

दुपारची पंगत उठली, खरकटं निघालं, की घर एकदम गप्प होतं. ती वेळ मला नको वाटायची. हे असताना त्याच वेळी आमच्या ओटीवर विड्याचं पान जुळवत बसायचे... म्हणून मी ती वेळ कामाने बुजवून टाकली. तांदूळ निवड, नारळ खव, पापड लाट. रिकामं बसायचंच नाही.

पुष्कळ दिवस ते चाललं. पण गेल्या उन्हाळ्यात हात चुकायला लागले. आमटीत मीठ दोनदा पडायचं, भात खाली लागायचा. एकदा नारळ खवताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेचना... आणि कांदा तर जवळपास नव्हता.

वैद्यबुवांनी नाडी पाहिली. म्हणाले, "शरीराला काही झालेलं नाही, बाई. मनाला जरा टेकू द्या."

मी अक्षरं वाण्याच्या पुड्या सोडवता सोडवता शिकले. मंडळी जेवायला येऊन वर्तमानपत्रं विसरून जातात, ती वाचते. एकात लिहिलं होतं, ऑफिसात काम करणाऱ्यांनी मेंदूला विश्रांती द्यावी, रविवारी फिरायला जावं... चुलीला रविवार नसतो, हे त्या लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं.

काकूंकडे रजा मागायची सोय नव्हती. "दिवसाढवळ्या टेकलेली बाई मला बघवत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्वतःही कधी टेकायच्या नाहीत.

मग आषाढी आली. शेजारणी ओटीवर जमून आपापले नेम सांगत होत्या. एकीने थाळा सोडला, चार महिने केळीच्या पानावर जेवणार. काकूंनी तर चहा सोडला! जे सोडायचं, त्याचं नेम सुटताना दान करायचं, अशी रीत.

"द्वारके, तुझं काय गो?" काकूंनी विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी दुपारचं काम सोडते. अर्धा तास मागल्या पडवीत बसेन. हाताला काम नाही, तोंडाला शब्द नाही."

"आणि जप कुणाचा?"

"जपही नाही."

"काय मेला नेम तरी!" काकू म्हणाल्या. पण नेम म्हटल्यावर मोड कोण म्हणणार? दुसऱ्याचा नेम मोडला की पाप आपल्या माथी.

पहिले काही दिवस ते बसणं म्हणजे शिक्षाच होती. हात सारखे काहीतरी शोधायचे. आणि जे दुःख मी इतकी वर्षं कामाखाली दडपलं होतं, ते येऊन शेजारी बसायचं... मग हळूहळू त्याची ओळख झाली. यांची आठवण यायची, रडू यायचं, ओसरायचं. मी पागोळ्या बघत राहायची. संध्याकाळी चुलीपाशी जाताना अंग हलकं वाटायचं. आमटीत मीठ एकदाच पडू लागलं.

श्रावणात घाटात दरड कोसळली. कोल्हापूरची मोटार सुटेना, उतारू गावातच अडकले. रात्रीला दुप्पट पानं! काकू तांदळाचं सूप घेऊन पडवीच्या दारात आल्या. मी डोळे मिटून घेतले... आता हाक येणार.

हाक आली नाही. आत काकू एकट्याच तांदूळ निवडत होत्या, नेमाला आणि मला, दोघांनाही शिव्या घालत.

असे चार महिने गेले आणि द्वादशी उजाडली. आता उद्यापासून पुन्हा खवणी... म्हणूनच नेम सुटायला नको होता. शेजारणीने भटजींना थाळा दिला. काकूंनी चहाची पुडी दिली, तीही लेक सासरी पाठवावी तशी.

मग माझ्याकडे वळल्या. "आता तू. सोडलंस ते दान कर."

"काम कसं दान करू, काकू? आणि घेणार कोण, भटजी?"

"ते काय नारळ खवणारेत? मला दे!" आणि खरंच हात पुढे केला. मी तुळशीचं पान ठेवून पळीभर पाणी सोडलं. भटजींसकट सगळे हसले.

मीही हसले, पण मन खायला लागलं. माझ्या वाटचं काम या वयात काकूंनी ओढायचं? म्हटलं, "काकू, परत द्या हो."

"दिलेलं दान परत मागतेस? नरकात जाशील, नरकात!"

काल दुपारी मी पडवीत जाऊन बसले. मागून काकू खवणी आणि नारळ घेऊन आल्या. खवणी भिंतीला टेकवली, नारळ कोपऱ्यात ठेवला, आणि माझ्या शेजारी पाय पसरून बसल्या.

"काकू, नारळ..."

"काम आता माझं आहे. कधी करायचं ते मी बघेन." थोड्या वेळाने म्हणाल्या, "इथे बसून करायचं काय असतं गो?"

"काही नाही."

"हं... कठीण आहे मेलं."

मग एकदा पदर डोळ्यांकडे गेलेला दिसला. मी तिकडे पाहिलं नाही. कांदा जवळपास नव्हता, एवढं सांगते.

नंतर त्यांनीच उठून चहा टाकला. आम्हा दोघींना.

रजा मागितली असती तर मला मिळाली नसती, आणि काकूंनी तर ती कधी घेतलीच नसती. त्यांनी माझं दान घेतलं आणि शेजारी येऊन बसल्या... याहून मोठं पुण्य मला तरी ठाऊक नाही.