सुटणार हे धरून चालणाऱ्या सुलोचनाताई

“हातातून सुटणारच, असं धरून ट्रे बनवायचा,” सुलोचनाताई मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. भोसरीतल्या त्यांच्या शेडमध्ये मी नोकरी मागायला गेले होते. जुन्या पुठ्ठ्यांचा लगदा करून त्या गाड्यांच्या हेडलाइटसाठी ट्रे बनवत. एका ट्रेमध्ये त्यांनी हेडलाइट बसवला, खोकं बंद करून माझ्या हातात दिलं. “टाक खाली.” मला धीर होईना. शेवटी त्यांनीच माझ्या हाताला धक्का दिला. खोकं पडलं, उघडून पाहिलं तर काच शाबूत होती.

थर्माकोलच्या त्या काळात रद्दी कागदावर कुणाचा भरवसा नव्हता. ताईंनी चाकणच्या कंपन्यांमध्ये जाऊन, अशीच खोकी पाडून दाखवून कामं मिळवली.

एकदा चाकणच्या एका कंपनीत आमच्या ट्रेमधले दिवे फुटले. आम्ही दोघी गेलो, तर माल उचलणारे दत्ताभाऊ साहेबांपुढे मान खाली घालून उभे होते. “माझ्याच हातनं सुटलं, साहेब. दुसऱ्या कुणाची चूक न्हाई.” ताई गप्प राहिल्या असत्या, तर आमच्यावर काहीच आलं नसतं. त्यांनी ट्रे उलटा करून पाहिला. “तुमच्या हातून सुटणारच होतं, भाऊ. आमचा कोपरा कच्चा राहिलाय.” सगळा माल परत आणला, कोपरा जाड केला.

माणसांच्या बाबतीतही त्यांचा हाच हिशोब. माझ्या बाळंतपणात, आईच्या आजारपणात, मी कोलमडणार हे धरून त्यांनी माझं काम आधीच वाटून ठेवलेलं असे. मला कधी मागावं लागलं नाही.

यंदा मात्र लगद्याच्या टाकीजवळ त्या स्वतःच घसरल्या. खुबा मोडला. या वयात पुन्हा चालतील का, हे डॉक्टरही खात्रीनं सांगेनात. पिंपळे गुरवच्या घरी पडल्या पडल्या त्या म्हणायच्या, “मलाच ट्रेमध्ये बसवायला हवं होतं.” मला हसू येत नसे.

गेल्या महिन्यात शेडच्या दाराशी काठी वाजली. सगळे धावले, कुणीतरी मशीन बंद केलं. “बंद कशाला केलं? लगदा तळाशी बसेल ना,” ताई ओरडल्या. ते ओरडणं ऐकलं आणि माझ्या जिवात जीव आला.

आज ताईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. पुढची पुष्कळ वर्षं त्यांना अशीच, ओरडण्याचा दम टिकवणारी लाभोत.

आणि ताई, एक मागणं. टाकीकडे जाताना काठी दाराशी ठेवून जाऊ नका. “काठी धरली तर ट्रे कुठल्या हातानं धरू?” हे तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. तरी मागते. पाय घसरणारच, असं धरून चाला.