दमलेल्या मोटरीचं तेल

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी काही वर्षं मी आसेगावहून वाशीमच्या बाजारात भाजीची मोटर नेत असे. मोटर सासऱ्यांची, वांगी-कोथिंबीर सासऱ्यांची आणि खरं सांगायचं तर मीही सासऱ्यांचाच, कारण मी घरजावई होतो. त्याआधी मी त्यांच्या मळ्यात विहिरीवर मोट हाकायचो. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, मोटर माझ्या हाती दिली ती एका अटीवर: इंजिन बिघडलं तर मोटर विकायची आणि मी परत मोटेवर. मला चाक धरायचं वेड लागलेलं, म्हणून मी सगळ्याला हो म्हणालो.

मामाजींचा जन्म बैलांत गेला होता. बैलांना कोसाकोसाला विसावा देणाऱ्या या माणसाने मोटरीलाही तोच नियम लावला. निंबाचं झाड दिसलं की शेजारी बसलेल्या मामाजींची माझ्या खांद्यावर चापट बसायची आणि मोटरीला धाप लागल्याचं कळायचं. मी इंजिन बंद करायचो. मामाजी उतरून सावलीत फेऱ्या मारायचे, मग इंजिनच्या झाकणावर हात ठेवून ती थंडावल्याचं जाहीर करायचे, आणि ती पुन्हा सुरू करायला मी हँडल मारमारून घामाघूम. मागची बैलगाडी आम्हाला ओलांडून जायची. गाडीवान फिदीफिदी हसायचा तेव्हा वाटायचं, मोटर तिथेच सोडून पायी घरी जावं.

इंजिनचं तेल महिन्याला बदला, असं वाशीमच्या मिस्त्रीने सुरुवातीलाच सांगितलं होतं. मामाजींनी त्यावर आपली अक्कल चालवली. महिना हा न थांबता पळणाऱ्या मोटरीचा, आपली तर अर्धा दिवस झाडाखाली असते, म्हणजे तेल कमी झिजतं, म्हणून आपल्याला दोन महिने. दोनाचे चार झाले. तेल पाहायची पट्टी मी काळीकुट्ट बाहेर काढली की ते लोणच्याच्या बरणीत डोकावावं तसं बघत आणि म्हणत, आता कुठे मुरलंय. सासऱ्यांशी वाद कोण घालणार? मीही मान डोलवायचो.

एका बाजाराच्या दिवशी वाशीम कोसभर राहिलं असताना इंजिन खडखडलं आणि बंद पडलं. शेवटी एका बैलजोडीने आम्हाला ओढत गावात नेलं. मामाजी बैलांशेजारून गप्पा मारत मोठ्या मजेत चालले होते. मला मात्र समोर मोटच दिसत होती.

मिस्त्रीने तेल सोडलं तर काकवीसारखं घट्ट, गोळ्यागोळ्यांनी पडायला लागलं. आम्ही मोटर कशी चालवतो ते त्याने विचारलं, मी सांगितलं, आणि तो पान्हा खाली ठेवून पोट धरून हसला.

"तुमी हिले आराम देऊ देऊ मारलं," तो म्हणाला.

मग त्याने समजावलं: इंजिन नीट तापायच्या आत बंद केलं, की कच्चं पेट्रोल आणि ओल तेलात उतरते, वर आपल्या रस्त्याची धूळ. सलग पळणाऱ्या मोटरीचं तेल महिनाभर टिकतं, तुमचं पंधरा दिवसांत संपतं. इंजिन अजून वाचेल, पण एक तर थांबणं सोडा, नाहीतर पंधरा दिवसांनी तेल बदला. मला तर उड्या माराव्याशा वाटल्या. थांबणं सुटणार होतं.

तेवढ्यात मामाजींनी मला हाताला धरून मिस्त्रीच्या शेडमागे नेलं.

"मोटर नाही विकत मी. तुमीच चालवा," ते हळूच म्हणाले. "पण थांबत जा, जवाईबुवा. मोटर नाही थकत. मलेच भ्याव वाटते आत. पाय जमिनीले लागला का मग बरं वाटते."

इतके महिने मी या माणसाला मनातल्या मनात काय काय बोललो होतो. मला फार लाज वाटली.

मी मिस्त्रीकडे परत गेलो आणि सांगितलं, तेल पंधरा दिवसांनी बदलू, थांबणं काही सुटायचं नाही. त्याने कारण विचारलं. मामाजी शेडच्या कोपऱ्यावर उभे राहून ऐकत होते. मला सलग चालवणं झेपत नाही, असं मी सांगितलं.